अंजिराला जामीन

इराणातल्या हमदानच्या आमच्या गल्लीत शरद सरता आबान महिना लागला आणि अलवंद डोंगराच्या माथ्यावर पहिली पांढरी टोपी चढली, की बायका काखेत कुंड्या मारून शौकत खानुमच्या दारात उभ्या राहतात. कुणाची जाई, कुणाचं लिंबू, कुणाची जास्वंद. थंडी सोसत नाही अशी जी जी लाडावलेली झाडं गल्लीत आहेत, ती सगळी हिवाळाभर शौकतच्या तळघरात मुक्कामाला असतात. शौकत पैसा घेत नाही. भाडं बातमीत घेते.

"ये बतूल. जाई आणलीस? अगं, वर्षभर पाणी घालून घालून तिचं बदक केलंयस तू. ठेव तिकडे, खिडकीशी. आणि आता सांग, तुझ्या नणंदेनं अंगठी परत केली म्हणतात, खरं का?"

"कोण म्हणतं?"

"लिंबू म्हणालं. डॉक्टरीणबाईंचं लिंबू कालच आलंय."

बतूल म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. तिला सांगावंच लागतं, नाहीतर तिची जाई मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाते. एकदा का कुंडी आत गेली, की मालकिणीचा तिच्यावरचा हक्क संपला. मध्येच कुणी "जरा पाणी घालून जाते" म्हणत आली, तर शौकत जिन्यातच आडवी होते. "झोपलेल्या माणसाच्या तोंडात तू घास कोंबतेस का? मग झोपलेल्या झाडाला पाणी कशाला?" असं म्हणून तिला चहा पाजते, आणखी एक बातमी काढते आणि वाटेला लावते. वसंतात कुंड्या परत मिळतात तेव्हा बायका उलटसुलट करून बघतात आणि मान्य करतात, की ही बाई चोंबडी आहे, पण हिच्या हाताला गुण आहे. शौकतचं स्वतःबद्दल याहून बरं मत आहे.

तिचा नवरा मूसा ट्रक चालवतो. बंदर अब्बासला गेला की गेला, आणि घरी आला की झोपतो. तेव्हा या गोष्टीत तो झोपलेलाच आहे असं समजून पुढे जाऊ.

तळघरात न मावणारं एकच झाड होतं आणि तेच शौकतचं खरं वैभव. अंगणातलं काळं अंजीर. हमदानच्या थंडीत अंजीर म्हणजे उंटावर बसून पोहण्यातला प्रकार. पण शौकतच्या सासऱ्यांनी ते लावलं आणि ते कसं जगवायचं तेही सुनेला शिकवलं. पानं गळाली की फांद्या सुतळीनं एकत्र बांधायच्या, बुंध्याच्या एका बाजूची माती मोकळी करायची आणि सगळं झाड हळूहळू वाकवून जमिनीवर आडवं निजवायचं. त्यावर पोती, पोत्यांवर सुकी पानं आणि पेंढा, त्यावर फावड्यानं माती, आणि सगळ्यात वर जुनी सतरंजी. श्वासाला एका टोकाशी पेंढ्याची जुडी खोचलेली. शौकत हे करताना झाडाशी बोलते. "चल, वाक. माज नको. राणीलासुद्धा झोपताना मुकुट काढावा लागतो."

उठवायचा नियमही सासऱ्यांचाच: मशिदीजवळच्या तुतीला पान फुटल्याशिवाय अंजिराच्या अंगावरचं पांघरूण काढायचं नाही. तुती सगळ्यात शेवटी जागी होते, पण थंडीकडून एकदाही फसलेली नाही. हा नियम शौकत गल्लीला इतक्यांदा ऐकवत असे, की पोरंटोरं तिची नक्कल करत.

अंगणाच्या पलीकडच्या बाजूला राहतात तिचे थोरले दीर, हाजी यदुल्ला. हाजींचा एक निळा टेम्पो आहे. तो गल्लीत उभा असतो, त्यावर चिमण्या जे काय करायचं ते करतात, आणि हाजी रोज सकाळी ते पुसताना अंजिराकडे अशा नजरेनं बघतात, जशी सासू नावडत्या सुनेकडे बघते. कारण टेम्पो आत घ्यायचा तर फाटक पाहिजे, आणि फाटकाची जागा नेमकी अंजिराची. वडील जाताना दोघा भावांना सांगून गेले होते: "झाड जिवंत आहे तोवर फाटक नाही. झाड गेलं की यदुल्ला, तुझी मर्जी." हाजी शब्दाचे पक्के. त्यांनी कधी झाडाला बोट लावलं नाही. फक्त दर हिवाळ्यात तब्येतीची चौकशी करत.

"शौकत, यंदा थंडी जास्त आहे, नाही का?"

"आहे ना, हाजीदादा. टेम्पोला स्वेटर विणू का?"

हाजींची आणखी एक खोड सांगून ठेवायला हवी. कुठे भांडण दिसलं की दोन्ही हात पसरून मध्ये शिरायचे. नवरा-बायको असोत, गिऱ्हाईक-दुकानदार असो, दोन मांजरं असोत. उगारलेला हात हाजींना बघवत नाही. एकदा नान भाजणाऱ्या नानवाईच्या दुकानात मध्ये पडले आणि दोन्हीकडच्या थपडा यांनाच बसल्या. तरी घरी येऊन सांगतात, "मिटवलं."

तर त्या वर्षीचा हिवाळा. थंडीचा मोठा चिल्ला चाळीस दिवसांचा, धाकटा वीस दिवसांचा. आमच्याकडे म्हणतात, धाकटा थोरल्याला चिडवतो, "तुझ्याएवढे दिवस मला असते तर पाळण्यातली पोरं गोठवली असती!" त्या वर्षी थोरल्यानंच ते काम मनावर घेतलं. नळ फुटले, हौदातलं पाणी दगड झालं, लोक कोरसीच्या, म्हणजे शेगडीवरच्या बैठ्या मेजाच्या, रजईखालून फक्त हात बाहेर काढून चहा घेऊ लागले. शौकतच्या तळघरात मात्र एक पान दगावलं नाही. ती ऐटीत फिरत होती.

आणि इस्फंद महिन्यात, म्हणजे नववर्षाच्या सणाच्या, नवरोजच्या, थोडं आधी, तिच्या मुलीला, फरजानेला, स्थळ आलं. मुलगा हमदानलाच नोकरीला, आई अहवाजची. मुनव्वर खानुम. अहवाजच्या उन्हात आयुष्य काढलेली बाई अंगावर तीन कोट चढवून, दात वाजवत अंगणात शिरली. शिरली आणि जागच्या जागी थांबली. समोर मातीचा लांबट ढिगारा, त्यावर सतरंजी, एका टोकाला पेंढ्याची जुडी. मुनव्वर खानुमनं डोळे मिटले, ओठ हलवले आणि अख्खी फातिहा म्हणून टाकली.

मग हळूच विचारलं, "देव शांती देवो. कोण गेलं?"

"अंजीर," शौकत म्हणाली.

"हं? नाव काय म्हणालात?"

हाजींच्या बशीतला चहा त्यांच्या दाढीत गेला. भिंतीपलीकडे बतूल खिदळली, म्हणजे ती भिंतीला कान लावून होती हेही कळलं. पाहुणे हसले, फरजानेही हसली, पण शौकतच्या मनात ते काट्यासारखं रुतलं. पाहुणे पुन्हा येणार होते नवरोजच्या तिसऱ्या दिवशी, सगळा गोतावळा घेऊन. आणि नवरोजला तर माणूस घराचा कोपरान् कोपरा धुतो, गालिचे झोडपतो. अशा सणाला लग्नाच्या घरात दारातच कबर?

नवरोजच्या आदल्या आठवड्यात ऊन छान पडलं. बदाम फुलले. शौकतनं फावडं उचललं. बतूल भिंतीवरून डोकावली.

"शौकत, तुतीला पान आलं वाटतं?"

"तुती आळशी आहे."

"आणि तुझा नियम?"

"नियम माझा आहे, तुझा नाही. तू तुझे गालिचे झोडप."

इतकंच असतं तरी झाड कदाचित तगलं असतं. अंजीर उठवायचं ते हप्त्याहप्त्यानं. आधी माती, मग काही दिवसांनी पानं, पोती सगळ्यात शेवटी. शौकतनं सगळं एका सकाळीच काढलं, झाड उभं केलं, फांद्या ओल्या फडक्यानं पुसल्या आणि वर लाल फीत बांधली. पाहुणे आले, झाडाचं कौतुक झालं, मिठाई खाल्ली, बोलणी गोड झाली. मुनव्वर खानुम फांदीवरून हात फिरवत म्हणाली, "बरं वाटलं हो, हे उठलं."

आणि मग आली म्हातारीची थंडी. आमच्याकडे सांगतात, कुणा म्हातारीनं आपल्या उंटांसाठी देवाकडे थंडीचे चार दिवस जास्तीचे मागून घेतले होते. एरवी ती नवरोजच्या आधी येऊन जाते. त्या वर्षी तिचे उंट उशिरा आले. एका सकाळी शौकतनं दार उघडलं तर अंगणात पांढरा गालिचा, आणि त्यात अंजीर काळं, कबाबाच्या करपलेल्या सळ्यांसारखं. लाल फीत तेवढी ताजी होती.

गल्लीचा सल्ला सुरू झाला. बतूल म्हणाली, कोमट पाणी घाल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेणखत द्या, ताकद येईल. नानवाई म्हणाला, सगळं छाटा. शौकतनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं. "तापातून उठलेल्याला पहिल्या दिवशी पुलाव वाढता का? मग गप्प बसा."

पण हे बोलताना तिचा चेहरा नेहमीचा नव्हता, आणि बतूलनं तो पाहिला. तिनं आपलं कोमट पाण्याचं भांडं उचललं आणि घरी परत नेलं.

दोन दिवसांनी बर्फ वितळलं, तसे हाजी दोरी घेऊन बाहेर आले. भिंतीचं माप घेतलं, अंजिराच्या फांदीला नख मारलं. आत तपकिरी, कोरडं. चीक नाही.

"शौकत, वाईट वाटतं. पण बाबांचा शब्द इथे संपला."

"झाड मेलं असं कोण म्हणतं?"

"फांदी म्हणते. चीक कुठाय?"

शौकत खाली बसली, बोटांनी बुंध्याजवळची माती उकरली आणि जमिनीखालच्या सालीला नख लावलं. आतून ओली हिरवी रेघ दिसली आणि दुधाचा एक थेंब वर आला. ती बघतच राहिली. मग तिचा जुना आवाज परत आला.

"हे बघा! वरचं गेलं, खालचं जिवंत आहे. मुळापासून फुटेल."

हाजींनी वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हा थेंब तुला दिसतो, कारण तुला बघायचाय. मला पान दाखव."

"पान पुढच्या महिन्यात, उर्दिबिहिश्तच्या अखेरीला दिसेल. झाडाला वेळ द्या."

"वेल्डर शुक्रवारी येतोय," हाजी म्हणाले, आणि दोरी गुंडाळत आत गेले.

आता शौकतची पंचाईत बघा. चूक तिची होती, हे तिला ठाऊक होतं. झाड जगणार, हेही ठाऊक होतं. हातात नव्हता तो फक्त वेळ. पान यायला कित्येक आठवडे, आणि फाटक शुक्रवारी. फरजाने आईला म्हणाली, "मामान, अमूजानच्या, हाजीकाकांच्या पाया पड ना." शौकत म्हणाली, "पाया पडले तर ते दोन दिवस देतील. मला वर्ष पाहिजे."

शुक्रवारी सकाळी वेल्डर आला. चहा झाल्याशिवाय आमच्याकडे वेल्डरही हत्यार काढत नाही. शौकतनं समोवार अंगणातच मांडला. बतूलला बोलावलं. मुनव्वर खानुम सुटीभर मुलाकडेच होती, तिलाही बोलावलं. हाजी तसबीहीचे मणी फिरवत ओट्यावर बसले. बाईनं हार मानली, निरोपाचा चहा पाजतेय, असं त्यांना वाटलं, आणि त्यांना थोडं वाईटही वाटू लागलं.

शौकत आत गेली आणि कुऱ्हाड घेऊन बाहेर आली.

"हाजीदादा, तुम्हाला कशाला त्रास? झाड सासऱ्यांनी माझ्या हाती दिलं होतं. तोडायचं तर मीच तोडते." आणि अंजिराकडे वळून गरजली, "ऐकतंस का रे करंट्या? पान नाही, फळ नाही! अशा झाडाला ठेवून करायचंय काय? आज तुझा निकालच लावते!"

हे शब्द ऐकताच अंगणातल्या प्रत्येकाला कळलं, काय चाललंय. आमच्याकडे झाड फळेनासं झालं की त्याला असंच भिववतात. एकानं कुऱ्हाड उगारायची, दुसऱ्यानं मध्ये पडून म्हणायचं, "मारू नको, मी याला जामीन, पुढच्या वर्षी फळेल." आणि जामीन मिळालेल्या झाडाच्या जिवंत लाकडाला वर्षभर लोखंड लावायचं नाही. लावील त्याच्या घरात बरकत राहत नाही. मुनव्वर खानुमचे डोळे चमकले. त्यांच्याकडे खजुरालाही असंच करतात.

बतूलचं तोंड उघडलं. शौकतनं तिच्याकडे असं काही पाहिलं, की ते मिटलं. वेल्डरनं साखरेचा खडा दातांत धरला आणि तसाच ठेवला. सगळे हाजींकडे बघू लागले. हाजी तसबीहीकडे.

"बघताय काय सगळे?" हाजी पुटपुटले. "मला कळतंय बरं हिचं नाटक."

"नाटक?" शौकत म्हणाली आणि कुऱ्हाड खाली आणली.

घाव खरा होता. सगळ्यात जाड काळी फांदी कडाड करून तुटली आणि ढलपी उडून हाजींच्या चपलेवर पडली. कुणालाच हे अपेक्षित नव्हतं. शौकतनं कुऱ्हाड पुन्हा डोक्यावर नेली. या वेळी नजर बुंध्यावर. तिथेच खाली, बोटभर मातीखाली, तो दुधाचा थेंब होता.

"हाजी आगा," मुनव्वर खानुम हळूच म्हणाली, "घरात थोरले तुम्ही ना?"

हाजी कधी उठले, ओट्यावरून कधी उतरले, त्यांनाच कळलं नाही. तसबीह हौदात गेली. दोन्ही हात पसरून ते झाड आणि कुऱ्हाडीच्या मध्ये उभे राहिले, जसे जन्मभर उभे राहत आले तसे.

"अगं बाई, हात आवर! मारू नको! मी जामीन! मी जामीन राहतो!"

"पुढच्या वर्षी फळेल?"

"फळेल! माझ्या शब्दावर फळेल! आधी ती कुऱ्हाड खाली ठेव!"

"सलवात पाठवा!" बतूल किंचाळली, आणि सगळ्या अंगणानं मोठ्यानं पैगंबरांची सलवात म्हटली. वेल्डरनंही, खड्यासकट.

हाजींनी हात खाली घेतले. आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं, जसा पांढऱ्या रुमालावर चहाचा डाग पसरतो. सगळ्यांसमोर, होणाऱ्या विहिणीसमोर, ज्या झाडाच्या जागी फाटक पाहिजे त्याच झाडाला ते जामीन राहिले होते.

"शौकत," ते म्हणाले, "तू सैतानाला बाजारात नेऊन विकशील आणि सुटे पैसेही परत आणशील."

"चहा गार होतोय, हाजीदादा."

वेल्डर जेवून गेला. फाटकाचं माप त्यानं घेऊन ठेवलं होतं, ते कुठे कामाला आलं कोण जाणे.

आता खरी गंमत. झाड फळलं नाही तर शब्द कुणाचा जाणार? हाजींचा! तेव्हा दुसऱ्या दिवसापासून अंजिराला शौकतपेक्षा हाजीच जास्त जपू लागले. सकाळी टेम्पो पुसण्याआधी बुंध्याशी उकिडवे बसायचे. कुणी पाण्याचं भांडं घेऊन जवळ आलं की खेकसायचे, "तापातून उठलेल्याला पुलाव वाढता का?" शौकत खिडकीतून ऐकायची आणि तोंडात ओढणीचं टोक कोंबायची.

"शौकत, हे वरचं काळं सरपण आता कापू का?"

"नाही. खालून कोंब दिसला की मग. घाईनं कापलं की चुकून जिवंतही जातं."

"पण वाईट दिसतं गं. लोक हसतात."

"लोक हसतात म्हणूनच तर आपण इथवर आलो, हाजीदादा," शौकत म्हणाली. आपली चूक तिनं कबूल केली ती एवढीच, आणि तीही पाठमोरी होऊन.

तुतीला पान आलं. अंजिराला काही नाही. डाळिंबं फुटली, गुलाब फुलले, तरी काही नाही. हाजींची झोप गेली. शौकत मात्र निवांत घोरत होती. आणि एके दिवशी, ती तळघरातून शेवटच्या कुंड्या वर आणत असताना, अंगणातून अशी आरोळी आली की तिला वाटलं, टेम्पो पेटला.

"आलं! शौकत! बतूल! कुणीतरी या! आलं!"

मातीतून एक कोंब वर आला होता, तांबूस हिरवा, मुठी वळून जन्मलेल्या बाळासारखा. शेजारी दुसरा. हाजी जमिनीवर पालथे पडून बघत होते, आणि चष्मा मातीत पडला होता.

मग शौकतनं करवत घेतली. काळं झालेलं सगळं जमिनीलगत साफ केलं, कोंबांतले दमदार तेवढे राखले, बाकीचे नखानं खुडले. पानं तळहाताएवढी झाली तेव्हा कुठे ओंजळभर कुजलेलं शेणखत, तेही बुंध्यापासून लांब. उन्हाळ्यात फांद्या छातीपर्यंत आल्या. आणि उन्हाळा उतरता, फरजानेच्या लग्नाच्या आठवड्यात, नव्या फांद्यांवर अंजिरं पिकली. मोजकीच होती, पण काळी, मधाळ. पहिलं ताट मुनव्वर खानुमकडे गेलं आणि दुसरं हाजींकडे. हाजींनी एक अंजीर उचललं, दोन्हीकडून पाहिलं, खाल्लं, आणि डोळे पुसत म्हणाले, "आंबट आहे." मग ताट संपवलं.

पुन्हा आबान आला. टेम्पो अंगणाच्या दाराशी लागला तो पेंढ्यानं भरून. झाड निजवताना हाजींनी एवढ्या सूचना दिल्या, की शौकतनं त्यांच्या हातात फावडं देऊन त्यांना गप्प केलं. ढिगारा गेल्या वर्षीपेक्षा मोठा झाला. वर सतरंजी हाजींच्या घरातली, बऱ्यापैकी नवी.

नवरोज आला, तुती अजून झोपलेलीच. ढिगारा जागच्या जागी. शौकतनं त्याच्या भोवतीचं अंगण धुतलं, सतरंजी झटकली, आणि ढिगाऱ्याला हात लावला नाही. मुनव्वर खानुम अहवाजहून मुलाकडे आली होती, ती सून-मुलाला घेऊन आली, तीन कोट घालून. अंगणात शिरताच पाय थबकले, सवयीनं डोळे मिटले, ओठ हलायला लागले.

"म्हणा, म्हणा, खानुम," ओट्यावरून हाजी म्हणाले, "आमीन मी म्हणतो. पण आवाज जरा हळू. तुतीला पान येईस्तोवर त्याची झोप मोडायची नाही. मी जामीन आहे."